जमीन मिळाली, तरी वसतिगृहाचे काम का थांबले?



गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी पत्राने आणि फोनवर एकच प्रश्न विचारला. भंडारदरा परिसरात मुलींच्या वसतिगृहासाठी एका कुटुंबाने दोन एकर जमीन देऊ केली, आपण आपापल्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, मग पाया खणायला उशीर का? प्रश्न रास्त आहे. पैसे आपण विश्वासाने दिले आहेत, तेव्हा उत्तर मिळण्याचा आपला हक्क आहे.

थोडक्यात सांगायचे तर, त्या जमिनीच्या खालच्या अंगाला पाणथळ आहे. ते किती आहे, कायद्याने संरक्षित आहे का आणि त्याच्यावर कोणाचे पाणी अवलंबून आहे, हे तपासल्याशिवाय कुदळ मारायची नाही, असे आम्ही ठरवले. ही तपासणी कशी केली ते येथे क्रमाने सांगत आहोत. गावाकडे जमीन घेणाऱ्या, देणाऱ्या किंवा शाळेसाठी, प्रार्थनामंदिरासाठी जागा शोधणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडेल.

उन्हाळ्यात पाहिलेली जमीन

आम्ही ती जागा पहिल्यांदा मे महिन्यात पाहिली. शहरातली माणसे भंडारदऱ्याला बहुधा याच दिवसांत किंवा काजवे पाहायला जूनच्या तोंडावर येतात. जमीन उताराची, वर मुरमाड, खाली सपाट. त्या सपाट भागात पिवळे पडलेले गवत आणि भेगाळलेली माती होती. इमारतीला सपाट जागा सोयीची, म्हणून आमच्या अभियंत्यांनी तिथेच खुणा केल्या.

शेजारच्या वाडीतली एक आजी गुरे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ताई, हितं घर बांधू नका. भादव्यात हितं गुडघाभर रुततं. आमच्या म्हशी दिवाळीपतूर हितंच बसत्यात." आम्ही हसून ऐकून घेतले, पण त्या एका वाक्याने पुढचे सगळे काम बदलले.

या भागातल्या शेतकऱ्यांना पाणी धरून ठेवणारी जमीन नवी नाही. अशा जमिनीला ते चिबड म्हणतात. पावसाळ्यात जमिनीतून आपोआप पाणी वर येऊ लागले की "उपळ फुटले" म्हणतात. पाणथळ हा शब्द सरकारी कागदावर आज आला असला, तरी ती ओळखण्याचे ज्ञान वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून जमिनीच्या तपासणीची पहिली पायरी म्हणजे विचारणे. गुराख्याला विचारावे, पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावे, शेजारच्या खाचरात आवणी करणाऱ्याला विचारावे. कुठे रुतते, कधीपर्यंत रुतते आणि ते पाणी पुढे कुठे जाते, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पावसाचा मुलूख, तरी पाण्याची टंचाई

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा नदी, १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर जलाशय आपल्याला माहीत आहेत. घाटघर, रतनवाडी, साम्रद या गावांत दर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्याशी नंबर लावतात.

याचे कारण डोंगराच्या पोटात आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. अखंड काळ्या कातळात पाणी मुरत नाही. ते मुरते वरच्या मातीत, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उतार तीव्र असल्यामुळे बरेचसे पाणी ओढ्यांतून धरणात निघून जाते. जे थोडे मुरते, ते खाली उतरत उतरत कातळाच्या थरावर अडते आणि उतार जिथे मोडतो तिथे बाहेर येते. तिथेच चिबड तयार होते आणि तिच्या खालच्या अंगाला बहुधा झरा असतो. चिबड जमीन पावसाचे पाणी स्पंजासारखे धरते आणि सावकाश सोडते. ती भरून टाकली किंवा चर मारून कोरडी केली, तर पावसाळ्यातले पाणी पावसाळ्यातच वाहून जाते आणि झरा लवकर आटतो.

जमिनीवरची तपासणी : पाणी, माती, वनस्पती

जगभर पाणथळ ओळखताना तीन पुरावे पाहतात : पाणी, माती आणि वनस्पती. अमेरिकेत १९८७ पासून याच तीन खुणांवर आधारलेली सरकारी पद्धत वापरात आहे. आपल्याकडे तीच पद्धत साध्या साधनांनी करता येते.

पाणी. भंडारदऱ्याला जुलैमध्ये सगळीच जमीन ओली असते आणि मे महिन्यात जवळजवळ सगळी कोरडी. त्यामुळे या दोन्ही महिन्यांत केलेली पाहणी फसवते. खरी पाहणी दिवाळीनंतरची. आजूबाजूची भातखाचरे सुकून कापणी झाली आणि तरीही एखादा तुकडा पायाखाली पिचपिचत असेल, तर ते पाणी पावसाचे नसून जमिनीतले आहे. आम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो. खालच्या सपाट भागातला साधारण वीस गुंठ्यांचा तुकडा ओला होता. फेब्रुवारीत गेलो तेव्हा वरची माती सुकली होती, पण हातभर खाली ओल होती.

माती. फावड्याने दीड फूट खोल खड्डा घ्यावा आणि मातीचा रंग पाहावा. इथली माती तांबूस, कारण तिच्यात लोह आहे. जी माती बराच काळ पाण्याखाली राहते, तिच्यात हवा शिरत नाही. मग लोहाचे रूप बदलते आणि तांबडा रंग जाऊन माती राखाडी होते. गवताच्या मुळांतून जिथे थोडी हवा खाली पोहोचते, तिथे गंजासारख्या नारिंगी रेघा दिसतात. कधी कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो. मातीची ही खूण महत्त्वाची, कारण ती उन्हाळ्यातही पुसली जात नाही. मे महिन्यात आम्ही एक खड्डा घेतला असता, तरी आमची चूक तेव्हाच कळली असती. आमच्या जागेत वरच्या खड्ड्यात तांबडा मुरूम निघाला आणि खालच्या खड्ड्यात नारिंगी रेघांची राखाडी माती.

वनस्पती. पाण्यात पाय रोवून जगणारी झाडे थोडीच असतात, म्हणून ती चांगली साक्ष देतात. लव्हाळे, पाणकणीस, ओहोळाकाठी वाळुंज आणि झऱ्याजवळ उंबर या ओळखीच्या खुणा. पावसाच्या शेवटी ओल्या सड्यांवर आणि उघड्या पाणथळीत सीतेची आसवे नावाची इवलीशी जांभळी फुले दिसतात. ही वनस्पती कीटक खाते, कारण अशा पाणथळ जमिनीत तिला पुरेसे पोषण मिळत नाही. एकटे गवत पाहून निर्णय करू नये. तिन्ही पुरावे एका जागी जुळले, तर ती जागा पाणथळ समजावी.

ओल्या भागाच्या कडेने चालत जाऊन मोबाइलवर तिची हद्द नोंदवून घ्यावी आणि ती सर्व्हे नंबरच्या नकाशावर काढावी. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रेही पाहता येतात. कोरड्या महिन्यातल्या चित्रात भोवतीचे सगळे पिवळे असताना एखादा तुकडा वर्षानुवर्षे हिरवा दिसत असेल, तर तोही एक पुरावा आहे.

कागदावरची तपासणी : कोणता कायदा कुठे लागतो

जागा पाणथळ आहे म्हणजे ती कायद्याने संरक्षित आहेच असे नाही, आणि संरक्षित जागा डोळ्यांना ओली दिसेलच असेही नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नियम लागू केले. त्यांत पाणथळ जागेची व्याख्या व्यापक आहे : नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायमची किंवा हंगामी, साचलेल्या किंवा वाहत्या पाण्याची. पण काही गोष्टी त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेल्या रचना वगळलेल्या आहेत. याचा अर्थ असा, की आवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेले भातखाचर या नियमांत बसत नाही. सिंचनासाठी बांधलेला भंडारदऱ्याचा विस्तीर्ण जलाशयही या व्याख्येबाहेर राहतो.

म्हणून जलाशयाचा काठ मोकळा आहे असे समजू नये. धरणासाठी संपादित झालेली जमीन सरकारची असते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन डोळ्यांना मोकळी दिसली, तरी ती कोणाला विकता येत नाही. कोणी "काठावरचा प्लॉट" दाखवला, तर संपादनाची हद्द कुठे आहे हे जलसंपदा विभागाकडून लेखी घ्यावे.

हे नियम लागू होतात ते रामसर यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागांना. रामसर हे इराणमधले शहर. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर, बुलडाणा जिल्ह्यातले लोणार आणि ठाणे खाडी या यादीत आहेत. अशा जागी भराव, अतिक्रमण, नवे उद्योग, कचरा टाकणे आणि सांडपाणी सोडणे यांना बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकामही करता येत नाही.

याशिवाय अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने, म्हणजे इस्रोच्या संस्थेने, उपग्रहचित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह तयार केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. नव्या नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या जागांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी ठरवण्यास राज्यांना सांगितले. पण हे आकडे २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांवरच्या जागांचे आहेत. आमचे वीस गुंठे त्या आकड्यांत येणे शक्यच नव्हते. डोंगरातल्या बहुतेक चिबड जागा अशाच लहान असतात.

अभयारण्याचा प्रश्न वेगळा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे त्यात आहेत. अभयारण्याच्या आत २०१७ चे पाणथळ नियम लागत नाहीत, कारण तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो अधिक कडक आहे. त्याच्या कलम २९ नुसार परवानगीशिवाय वन्यप्राण्यांच्या अधिवासाची हानी करता येत नाही. अभयारण्यात येणाऱ्या किंवा तिथून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. तिथे एक साधा चर मारणेही गुन्हा ठरू शकते, मग जागा वीस गुंठ्यांची असो की दोन. म्हणून सर्व्हे नंबर अभयारण्यात आहे की नाही, हे वन्यजीव विभागाला अर्ज देऊन लेखी विचारावे. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. आमचा सर्व्हे नंबर हद्दीबाहेर असल्याचे उत्तर आले.

सातबारा काय सांगतो

अकोले तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. इथे महादेव कोळी आणि ठाकर बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे पाण्याइतकेच जमिनीच्या मालकीकडेही लक्ष द्यावे लागते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्रीसाठी शासनाची पूर्वमान्यताही लागते. हे बक्षीसपत्र, गहाण आणि भाडेपट्टा यांनाही लागू आहे. सेवाभावी संस्था यातून सुटत नाही. कोणा कार्यकर्त्याच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो आम्ही मानला नाही, कारण ज्यांच्या कल्याणासाठी काम करायचे त्यांच्यासाठी केलेला कायदा आपणच वळसा घालून टाळणे बरे नव्हे.

म्हणून सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही काढावेत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्यासाठी १९७४ चा कायदा आहे. निदान तिथपर्यंत मागे जाऊन पाहिलेच पाहिजे. सातबाऱ्यावर पोटखराब किती लिहिले आहे आणि इतर हक्कांच्या रकान्यात पाण्याचा किंवा वाटेचा हक्क नोंदला आहे का, हेही वाचावे. गावनकाशावर ओहोळ कुठून जातो ते पाहावे. आमच्या सातबाऱ्यावर काही गुंठे पोटखराब लिहिले होते. लागवडीला निरुपयोगी असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात तेच चिबड होते.

ग्रामसभा हीही कागदाइतकीच महत्त्वाची. अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पेसा कायद्याने स्थानिक पंचायतराज संस्थांकडे दिले आहे. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तेव्हा गावाला विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नाही.

मग आम्ही काय ठरवले

सगळे कागद हाती आल्यावर चित्र असे होते. आमचे वीस गुंठे कोणत्याही यादीत नाहीत आणि अभयारण्यातही नाहीत. कागदोपत्री पाहिले तर ती जागा भरून इमारत उभी करण्यास पाणथळीच्या नियमांची आडकाठी नव्हती.

पण त्या चिबडाच्या खाली, बांधापलीकडे, वाडीचा झरा आहे. फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा बायका तिथे पाणी भरत होत्या. काही वर्षांपूर्वी वरच्या बाजूला एकाने चर मारला होता, तेव्हा त्या उन्हाळ्यात झरा नेहमीपेक्षा लवकर आटला, असे त्यांनी सांगितले. पुढे तो चर बुजवला गेला.

मग आम्ही इमारत वरच्या मुरमाड भागात सरकवण्याचा विचार केला. अभियंत्यांनी लगेच अडचण दाखवली. चाळीस मुलींच्या शौचालयांचा शोषखड्डा मुरमात घेतला, तर त्यातले पाणी मुरून उताराने त्याच चिबडात आणि तिथून झऱ्यात जाईल. आणि खाली चिबडात घेतला, तर भरलेल्या मातीत तो पाणी शोषणारच नाही, पावसाळ्यात वर येईल. म्हणजे आपण मुलींसाठी वसतिगृह बांधले असते आणि त्यांच्याच आयांच्या हंड्यात घाण पाणी गेले असते.

म्हणून त्या जमिनीवर वसतिगृह बांधायचे नाही, असे ठरले. जमीन देऊ करणाऱ्या कुटुंबाला आम्ही खड्ड्यांचे फोटो आणि नकाशा दाखवला. त्यांनी मोकळ्या मनाने ते मान्य केले आणि खालचा भाग आहे तसाच ठेवण्याचे वाडीला सांगितले. आता रस्त्याच्या बाजूची, झऱ्याच्या उतारावर नसलेली दुसरी जागा पाहत आहोत. तिथला पहिला खड्डा आम्ही आधीच घेतला आहे. दीड फुटापर्यंत तांबडा मुरूम लागला. दिवाळीनंतर पुन्हा पाहणी करू, मगच कागदपत्रांकडे वळू. आपण दिलेली वर्गणी वसतिगृहाच्या स्वतंत्र खात्यात सुरक्षित आहे.

यात एक वर्ष गेले, याची आम्हाला जाणीव आहे. ज्या मुली या जूनमध्ये वसतिगृहात यायच्या होत्या, त्यांतल्या काही जणी अजून डोंगर उतरून शाळेत ये-जा करतात. त्यांच्याकडे पाहिले की उशीर बोचतो. पण पहिल्याच दिवशी आम्ही आजीचे बोलणे मनावर घेतले असते आणि सोबत फावडे नेले असते, तर हे वर्ष वाचले असते. ही चूक आमची आहे.

आपणापैकी कोणी गावाकडे जमीन पाहत असाल, तर एवढे लक्षात ठेवा : दिवाळीनंतर जा, शेजाऱ्यांना विचारा, खड्डा घ्या, कागद लेखी घ्या आणि पाणी पुढे कोणाच्या दारी जाते ते पाहा. यादीत नाव नाही म्हणून जागा मोकळी ठरत नाही.

रतनगडाच्या उतारावरचे पाणी प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे पैठणच्या नाथसागरात जाते. वाटेत ते अनेक गावांची तहान भागवते. त्यातला पहिला हंडा त्या वाडीचा आहे. नव्या जागेच्या पाहणीसाठी आणि त्या मुलींसाठी आपल्या प्रार्थनेत स्मरण ठेवा. नोव्हेंबरमध्ये आमच्याबरोबर यायचे असेल, तर जरूर कळवा. फावडे आम्ही आणू.